जमिनीखालचं नाणं कसं ओळखतात? डिटेक्टर, कॉइल आणि अनुमान

या मालिकेत आपण ‘एखादी गोष्ट कळली, असं कधी म्हणायचं?’ हा एकच प्रश्न वेगवेगळ्या बाजूंनी विचारत आलो आहोत. आज विषय जरा मातीतला आहे. जमिनीत हातभर खाली एक नाणं पडलं आहे. ते दिसत नाही, त्याला हात लागत नाही. वर एक माणूस कानाला हेडफोन लावून, हातातली चकती जमिनीलगत फिरवत चालला आहे. मध्येच तो थांबतो आणि म्हणतो, ‘इथे चांदीचं नाणं असावं.’ हे त्याला कशावरून कळलं? आणि ‘असावं’ या शब्दाला किती वजन द्यायचं?

आम्ही आयुष्यभर वर्गात ‘पर्वतावर धूर आहे, म्हणून तिथे अग्नी आहे’ हे न्यायदर्शनातलं अनुमान शिकवलं. मेटल डिटेक्टर हे त्याच अनुमानाचं यंत्र आहे. फक्त इथे धूर डोळ्यांना दिसत नाही, तो कानाला ऐकू येतो.

यंत्र नेमकं काय करतं?

आधी यंत्र समजून घेऊ. त्या चकतीला कॉइल म्हणतात. आत तांब्याच्या तारेची वेटोळी असतात, बहुतेक वेळा दोन. एका वेटोळ्यातून उलटसुलट प्रवाह सोडतात, सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारा. त्यामुळे आजूबाजूला बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. ते जमिनीत उतरतं. वाटेत धातू लागला तर त्या धातूत छोटे भोवऱ्यासारखे प्रवाह फिरायला लागतात, आणि त्या प्रवाहांचं स्वतःचं एक क्षीण चुंबकीय क्षेत्र तयार होतं. दुसरं वेटोळं ते क्षीण उत्तर ऐकतं. दोन्ही वेटोळी अशी बसवलेली असतात की पहिल्याचा आवाज दुसऱ्याला थेट ऐकू येऊ नये. नाहीतर ढोल वाजत असताना शेजारच्या खोलीतली कुजबूज ऐकण्यासारखं होईल.

ही कल्पना जुनी आहे. १८८१ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांना गोळी लागली. शरीरात गोळी कुठे आहे ते सापडेना. तेव्हा टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल याच तत्त्वावरचं उपकरण घेऊन गेले. गोळी सापडली नाही. अंथरुणाखाली लोखंडी स्प्रिंगा होत्या, त्यांनी संकेतात घोळ घातला. शिवाय प्रमुख डॉक्टरांची खात्री होती की गोळी उजव्या बाजूला आहे, म्हणून उजवीकडेच शोधायला सांगितलं. गोळी डावीकडे होती. एका प्रसंगात दोन धडे मिळतात. जवळचं लोखंड हव्या त्या वस्तूला झाकतं, आणि शोध कुठे घ्यायचा ते आधीच ठरवून टाकलं की चांगलं यंत्रही हतबल होतं.

पडद्यावरचा आकडा म्हणजे धातू नव्हे

आजच्या बहुतेक डिटेक्टरना लहानसा पडदा असतो आणि त्यावर आकडा येतो. समजा शून्य ते नव्व्याण्णव. लोखंड खाली, चांदी वर. नव्या माणसाला वाटतं, हा आकडा म्हणजे धातूचं नाव. तसं नाही.

यंत्र मोजतं ते एवढंच: आपण पाठवलेल्या लहरीच्या मानाने परत आलेली लहर किती मागे पडली. हे मागे पडणं धातूच्या वाहकतेवर अवलंबून असतं, पण केवळ तिच्यावर नाही. वस्तूचा आकार, जाडी आणि ती कशी पडली आहे, हे सगळं त्यात मिसळलेलं असतं. ब्रिटिशकाळातला चांदीचा रुपया घ्या. पावणेबारा ग्रॅमच्या आसपास वजन, रुंद आणि जाड. तो ठणठणीत वरचा आकडा देतो. इंग्लंडच्या शेतात मध्ययुगातली चांदीची पेनी सापडते. तीही चांदीच, पण कागदासारखी पातळ आणि जेमतेम दीड ग्रॅमची. कधी तिचे दोन किंवा चार तुकडे करून सुट्टे म्हणून वापरलेले असतात. तिचा आकडा मधेच कुठेतरी येतो, ॲल्युमिनियमच्या तुकड्यांच्या रांगेत.

आपल्याकडे सातवाहनांनी शिशाची नाणी भरपूर पाडली. शिशाची वाहकता तांब्याच्या सुमारे बाराव्या हिश्श्याएवढी. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीचं मोलाचं नाणं यंत्राच्या लेखी हलक्या दर्जाचं ठरणार. आणि अलीकडची आपली स्टेनलेस स्टीलची नाणी? त्यांना चुंबक चिकटतो, त्यामुळे यंत्राला ती लोखंडाच्या घरात दिसू शकतात. ‘लोखंड ऐकवू नकोस’ असं यंत्राला सांगून ठेवलं, तर सरकारी टांकसाळीतून आलेलं नाणंही ते गाळून टाकेल.

न्यायशास्त्रात याला नाव आहे: सव्यभिचार हेतू. जे चिन्ह साध्य असेल तिथेही दिसतं आणि नसेल तिथेही दिसतं, ते चिन्ह पुरेसं नाही. पडद्यावरचा एकटा आकडा असा सव्यभिचारी आहे.

खोली वाढली की काय होतं?

वस्तू उथळ असेल तर हा गोंधळ निभावून नेता येतो. खरी कसोटी खोलीची. कॉइलपासून दूर जाताना चुंबकीय क्षेत्र फार वेगाने क्षीण होतं, साधारण अंतराच्या घनाने. नाण्याचं उत्तर परत येतानाही तसंच क्षीण होतं. जाताना घन आणि येताना घन, म्हणजे एकूण सहावा घात. कॉइलच्या मानाने वस्तू बरीच खोल असेल, तर खोली दुप्पट झाल्यावर संकेत निम्मा होत नाही, चौसष्टाव्या हिश्श्यावर येतो. म्हणून ‘आणखी थोडी ताकद वाढवा, दुप्पट खोल दिसेल’ ही अपेक्षा फोल आहे. अकरा इंची कॉइलने, बऱ्या जमिनीत, मोठ्या नाण्याएवढी वस्तू आठ-दहा इंचांवर कळली तर ते चांगलंच म्हणायचं.

दुसरीकडे जमीन गप्प नसते. मातीत मॅग्नेटाइटसारखी लोहखनिजं असतात, तीही उत्तर देतात. आपल्या दख्खनची काळी माती बेसॉल्टच्या खडकापासून झालेली आहे, कोकणात जांभा आहे. दोन्हींत लोह भरपूर. इंग्लंडच्या चुनखडीच्या शेतात सहज चालणारं यंत्र अशा जमिनीवर कुरकुरायला लागतं. म्हणून ‘ग्राउंड बॅलन्स’ करतात: जिथे धातू नाही अशा जागी कॉइल खाली-वर करून यंत्राला सांगायचं की ही या मातीची भाषा आहे, ती वजा कर.

पण वजाबाकी कधीच पूर्ण होत नाही. नाणं खोल असलं की त्याचं उत्तर मातीच्या उरलेल्या आवाजाएवढं लहान होतं आणि त्यात मिसळतं. परिणाम असा की आकडा नाचायला लागतो. एका फेरीत अठ्ठ्याहत्तर, दुसरीत साठ, तिसरीत लोखंड. अनेकदा खोल गेलेली चांगली वस्तू हळूहळू लोखंडाच्या बाजूला सरकते आणि गाळणी कडक ठेवली असेल तर नाहीशीच होते. म्हणून खोलवरची नाणी शोधणारे जाणकार पडद्यापेक्षा कानावर भिस्त ठेवतात. गाळणी सैल ठेवतात आणि हळू चालतात. खोल नाण्याचा आवाज बारीक आणि मऊ असतो, पण त्याला सुरुवात आणि शेवट असतो. मातीचा आवाज पसरट असतो.

कॉइलची निवड

मग प्रश्न येतो, कोणती कॉइल? आधी आकार घेऊ.

गोल कॉइलच्या सूत्रात आकडे घालून पाहा. एक कॉइल चोवीस सेंटिमीटर व्यासाची, दुसरी अडतीसची, बाकी सगळं सारखं. तीस सेंटिमीटर खोलीवरच्या नाण्याचा संकेत मोठ्या कॉइलला साधारण साडेतीनपट मिळतो. पण पाच सेंटिमीटरवरच्या नाण्याचा संकेत तिला जवळपास निम्माच मिळतो. मोठी कॉइल खोल बघते, पण जवळचं आणि बारीक तिच्या नजरेतून सुटतं. आणि साडेतीनपट ऐकून हुरळून जाऊ नये. सहाव्या घातामुळे त्या साडेतीनपटीचा फायदा खोलीत मोजला तर तीसचे एकोणचाळीस-चाळीस सेंटिमीटर होतात, तेही कागदावर. प्रत्यक्षात मोठी कॉइल मातीही जास्त ऐकते, शेजारचे दोन खिळेही एकत्र ऐकते, आणि हात भरून येतो तो वेगळाच.

म्हणून जुन्या वस्तीच्या जागी, जिथे खिळे विखुरलेले असतात, तिथे पाच-सहा इंची लहान कॉइल वापरतात. ती खोल जात नाही, पण खिळा आणि नाणं यांच्यात फट असेल तर त्या फटीतून बघते. मोकळ्या, स्वच्छ शेतात मोठी कॉइल.

आता रचना. दोन मुख्य प्रकार आहेत. पहिल्यात ऐकणारं वेटोळं पाठवणाऱ्या वेटोळ्याच्या आत, एकाच केंद्राभोवती असतं. याची नजर शंकूसारखी: वर रुंद, खाली निमुळती. शांत जमिनीत ही कॉइल ओळख चांगली देते, पण लोहयुक्त मातीत चटकन गोंधळते. दुसरा प्रकार ‘डबल डी’. इंग्रजी डी अक्षराच्या आकाराची दोन वेटोळी पाठीला पाठ लावून थोडी एकमेकांवर चढवलेली. यांची नजर मधल्या पट्टीवर, पुढून मागे जाणाऱ्या पात्यासारखी. एका वेळी माती कमी बघते, म्हणून कठीण जमिनीत टिकते. आपल्याकडच्या मातीत हाच प्रकार बरा.

वेगवेगळी यंत्रं, वेगवेगळे प्रश्न

कॉइलइतकीच यंत्राची जात महत्त्वाची. एकाच वारंवारतेवर चालणारं यंत्र घेतलं तर पाच-सात किलोहर्ट्झसारखी खालची वारंवारता जाड चांदी-तांब्याला मानवते. वीस-चाळीस किलोहर्ट्झसारखी वरची वारंवारता पातळ, लहान, कमी वाहक वस्तूंना मानवते. एकाच वेळी अनेक वारंवारता वापरणारी यंत्रंही आहेत. ऑस्ट्रेलियाच्या मायनलॅबने ही वाट रुळवली. त्यांची युक्ती अशी की माती, खारं पाणी आणि नाणं यांची उत्तरं वारंवारतेप्रमाणे वेगवेगळी बदलतात. एकाच साक्षीदाराला एकच प्रश्न विचारण्याऐवजी चार बाजूंनी प्रश्न विचारले, तर खोटी साक्ष उघडी पडण्याची शक्यता वाढते. खोल नाण्याचा आकडा अशा यंत्रात अधिक स्थिर राहतो.

तिसरी जात ‘पल्स इंडक्शन’. हे यंत्र अखंड बोलत नाही. एक जोरदार ठोका देतं, गप्प होतं, आणि त्या शांततेत काही मायक्रोसेकंद कान देतं. धातूतले भोवरे लगेच विरत नाहीत, त्यांचा विरता आवाज ते टिपतं. लोहयुक्त मातीत आणि समुद्रकिनारी हे यंत्र खोल जातं. किंमत अशी मोजावी लागते की लोखंड कोणतं आणि चांदी कोणती हे ते नीट सांगत नाही. म्हणजे जास्त खोल जाणारं यंत्र कमी ओळखतं. ‘काहीतरी आहे’ हे ज्ञान आणि ‘अमुक आहे’ हे ज्ञान, यांतला फरक इथे अगदी हातात येतो.

उपाधी शोधणं

धुरावरून अग्नी ओळखताना नैयायिक एक प्रश्न हमखास विचारतात: या संबंधात एखादी लपलेली अट, उपाधी, तर नाही ना? उलटीकडून पाहा. अग्नी असला की धूर असतोच का? नाही. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. ओलं सरपण असेल तरच धूर. ओलं सरपण ही ती लपलेली अट.

डिटेक्टर चालवणारा माणूसही नकळत हेच करतो. वरचा आकडा आला. तो लगेच खणत नाही. नव्वद अंशांत वळून पुन्हा कॉइल फिरवतो. सपाट पडलेलं गोल नाणं दोन्ही दिशांनी सारखं बोलतं. वाकडा खिळा किंवा गंजका पत्रा एका दिशेने चांदीचा आव आणतो आणि दुसऱ्या दिशेने उघडा पडतो. मग तो कॉइल थोडी उचलतो: आवाज लगेच मरतो की हळूहळू? वरची चार बोटं माती काढून पुन्हा ऐकतो: आकडा स्थिर होत चालला की कोसळला? प्रत्येक पायरीवर तो स्वतःच्या अनुमानाला खोटं ठरण्याची संधी देतो.

ही संधी न देणारी यंत्रंही बाजारात असतात. हातात धरायची एक दांडी, वर फिरती ॲन्टेना, आणि ‘शंभर फुटांवरचं सोनं दाखवते’ अशी जाहिरात. आत काहीही नसतं. धरणाऱ्याच्या मनगटाच्या हालचालीने ॲन्टेना फिरते. याच प्रकारचं ‘एडीई ६५१’ नावाचं उपकरण बॉम्बशोधक म्हणून इराकमध्ये विकलं गेलं, नाक्यानाक्यावर वापरलं गेलं आणि त्याच्यासमोरून स्फोटकं निघून गेली. विकणारा जेम्स मॅककॉर्मिक याला २०१३ मध्ये ब्रिटनमध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. आपल्याकडे गुप्तधनाच्या नावाने काय चालतं ते वेगळं सांगायला नको. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनाच्या शोधासाठी केलेल्या अघोरी प्रकारांचा समावेश करावा लागला, यातच सगळं आलं. खरं यंत्र ‘माहीत नाही’ असं म्हणू शकतं, त्याचा आकडा नाचतो. खोटं यंत्र कधीच अडखळत नाही.

खणायचं कधी थांबवायचं?

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. एप्रिल २०१० मध्ये इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यात, फ्रोमजवळच्या एका शेतात डेव्ह क्रिस्प नावाचा गृहस्थ डिटेक्टर फिरवत होता. एके ठिकाणी विचित्र संकेत आला. सुमारे फूटभर खणल्यावर एक लहान नाणं आणि मातीच्या भांड्याचा काठ दिसला. तो तिथेच थांबला. खड्डा बुजवला आणि तज्ज्ञांना कळवलं.

संकेत विचित्र का असावा, हेही बघण्यासारखं आहे. भांडंभर नाणी म्हणजे एक मोठा धातूचा गोळा नव्हे. गंजलेली, एकमेकांना जेमतेम टेकलेली हजारो लहान नाणी एका अखंड वस्तूसारखा प्रवाह वाहू देत नाहीत. ढीग खोलीवरून कळतो, पण ‘नाणं’ असा स्वच्छ आवाज देईलच असं नाही.

पुरातत्त्वज्ञांनी ते भांडं थराथराने रिकामं केलं. कोणत्या थरात कोणती नाणी, याची नोंद ठेवली. नाणी निघाली ५२,५०३, वजन सुमारे १६० किलो, तिसऱ्या शतकातली रोमन. थरांनी एक गोष्ट सांगितली: सर्वांत अलीकडच्या राजांपैकी एक, कॅरोसियस, त्याची बहुतेक नाणी वर नव्हती, खालच्या भागात होती. वर्षानुवर्षं साठवत गेलेला गल्ला असता तर ती वर असती. शिवाय भांडं इतकं पातळ की भरलेलं उचललं असतं तर फुटलं असतं. म्हणजे आधी ते जमिनीत पुरलं आणि मग त्यात नाणी ओतली. हा संकटकाळी पुरलेला ठेवा नसून देवाला वाहिलेलं दान असावं, असा विचार त्यातून पुढे आला. क्रिस्पने उत्साहाने भांडं उपसलं असतं तर तीच ५२,५०३ नाणी मिळाली असती, आणि हा विचार करायला आधारच उरला नसता.

आपल्या नाशिक जिल्ह्यातलं जोगळटेंभीचं उदाहरण घ्या. १९०६ मध्ये तिथे क्षत्रप नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी मिळाली. त्यांतल्या बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा उमटवलेला होता. एका राजाने दुसऱ्याला हरवलं याचा इतका बोलका पुरावा क्वचित मिळतो. तो मिळाला कारण साठा मोठ्या संख्येने अभ्यासकांसमोर आला. तीच नाणी एकेक करून सराफाच्या मुशीत गेली असती, तर चांदी उरली असती आणि ही साक्ष गेली असती.

श्रोत्यांचे काही प्रश्न

*सर, मग सर्वांत चांगला डिटेक्टर कोणता?*

‘कोणत्या मातीत, किती कचऱ्यात, कसल्या नाण्यासाठी’ हे ठरल्याशिवाय या प्रश्नाला उत्तर नाही. आपल्या जमिनीसाठी अनेक वारंवारतांचं यंत्र आणि दहा-अकरा इंची डबल डी कॉइल ही समंजस सुरुवात. पण आधी आपल्याच अंगणात वेगवेगळ्या खोलीवर ओळखीची नाणी पुरा आणि यंत्र काय बोलतं ते ऐका. व्याप्ती आधी स्वतः पडताळायची, मग अनुमान.

*आमच्या शेतात नांगरताना नाणी निघाली तर?*

नाणी घासू नका, धुऊ नका, आणखी खणू नका. जागेचे फोटो काढा. आपल्याकडे १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचा पुरलेला ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. शोधणारा आणि जमीनमालक यांच्या हक्काचीही तरतूद त्यात आहे, म्हणजे कळवल्याने सगळं गेलंच असं नाही.

*गडकिल्ल्यांवर डिटेक्टर घेऊन गेलं तर चालेल का? आम्ही खणणार नाही, फक्त बघू.*

बाळांनो, नको. संरक्षित स्मारकाच्या जागी परवानगीशिवाय खणणं गुन्हा आहे. ‘फक्त बघू’ म्हणून गेलेल्या माणसाच्या कानात तो मऊ, बारीक आवाज आला की हात थांबत नाही. इंग्लंडमध्येही संरक्षित स्थळांवर डिटेक्टर चालवायला मनाई आहे. इतरत्र आधी जमीनमालकाची परवानगी लागते, आणि १९९६ च्या कायद्यानुसार ठेवा सापडल्यावर चौदा दिवसांत कळवावं लागतं. तुम्हाला खरंच हौस असेल तर एखाद्या विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाला विचारा. उत्खननातून उपसलेली माती तपासायला आणि शेतं चालून पाहायला त्यांना मदतीचे हात लागतात. तिथे यंत्रही शिकता येईल आणि नोंद कशी ठेवायची तेही.

आज इथेच थांबू. पुढच्या वेळी साक्षीदाराच्या शब्दावर कधी विश्वास ठेवायचा, म्हणजे शब्दप्रमाणाकडे वळू.